एक सप्टेंबरचा प्रसंग

पडद्यावर जेमतेम चार मिनिटे चालणाऱ्या एका प्रसंगावर मी चौदा महिने घालवले, असे सांगितले तर पटकथालेखनाशी संबंध नसलेल्या माणसाला ती अतिशयोक्ती वाटेल आणि संबंध असलेल्याला कदाचित आळस. प्रसंग असा आहे. १ सप्टेंबर १९६५, दुपार उलटून गेलेली. दिल्लीच्या साउथ ब्लॉकमध्ये संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या दालनात लष्करप्रमुख जनरल जयंतो नाथ चौधरी आणि हवाई दलप्रमुख एअर मार्शल अर्जन सिंग आलेले आहेत. पहाटेपासून पाकिस्तानी रणगाडे जम्मू भागातल्या छांब क्षेत्रात घुसले आहेत आणि त्यांना थोपवायला भारताकडे तिथे हलक्या एएमएक्स रणगाड्यांची एकच तुकडी आहे. अखनूरचा पूल गेला तर पुढचे सगळेच अवघड होणार आहे. हवाई दल वापरण्याची परवानगी हवी आहे. चव्हाण काही मिनिटांत ती देतात आणि तासाभराच्या आसपास पठाणकोटहून विमाने उडतात. अडचण एकच होती. आमचा चित्रपट लालबहादूर शास्त्रींवर होता आणि या प्रसंगात शास्त्री नव्हते.

मुंबईतल्या एका निर्मितीसंस्थेला शास्त्रींवर हिंदी चित्रपट करायचा होता. दिग्दर्शक माझ्या जुन्या ओळखीचे. त्यांनी मला प्रथम बोलावले ते संशोधनासाठी. पटकथेवर माझे नाव चढले ते पुढे सहा महिन्यांनी. पहिल्या बैठकीत माझ्यासमोर जो आराखडा ठेवला गेला, तो जन्मापासून मृत्यूपर्यंतचा होता. मुगलसराय, २ ऑक्टोबर १९०४, पित्याचे छत्र फार लवकर हरपणे, नावेला द्यायला पैसे नाहीत म्हणून गंगा पोहून शाळेत जाणारा मुलगा, काशी विद्यापीठाची ‘शास्त्री’ ही पदवीच आडनाव होऊन बसणे, तुरुंगवास, १९५६ मध्ये अरियलूरच्या रेल्वे अपघातानंतर दिलेला राजीनामा, ९ जून १९६४ ला, नेहरूंच्या पश्चात, हाती आलेले पंतप्रधानपद, आणि मग मध्यंतर उलटून बराच वेळ झाल्यावर युद्ध. प्रत्येक प्रसंग आपापल्या जागी चांगला होता, परंतु सगळे मिळून प्रजासत्ताक दिनाच्या चित्ररथांसारखे एकामागून एक समोरून सरकत होते. माणूस कुठेच थांबत नव्हता, कारण त्याला पुढच्या तारखेला पोहोचायचे होते.

मी म्हणालो की युद्धच घेऊ, बाकीचे सोडू. दिग्दर्शकांना ते पटले. निर्मात्यांना गंगा पोहण्याचा प्रसंग फार आवडला होता, त्यामुळे त्यांचे मन वळवायला दोन बैठका लागल्या. ज्याला आपण आधीच थोर ठरवून पडद्यावर आणतो, त्याच्यापुढे उभा राहिलेला कोणताही प्रश्न प्रेक्षकाला खरा प्रश्न वाटत नाही, कारण उत्तर त्याला तिकिटाबरोबरच मिळालेले असते, हे माझे म्हणणे त्यांनी शेवटी मान्य केले. पोहणारा मुलगा मात्र संवादात एका वाक्यापुरता राहील, या अटीवर. तो चौथ्या ड्राफ्टमध्ये गळाला आणि कोणाच्या लक्षातही आले नाही.

चौकट ठरली ती अशी: सुरुवात १५ ऑगस्ट १९६५ ला लाल किल्ल्यावरून, जिथे शास्त्रींनी बळाला बळाने उत्तर दिले जाईल असे जाहीर केले, आणि शेवट १० जानेवारी १९६६ च्या रात्री ताश्कंदला. मधले बावीस दिवस युद्धाचे, बाकीचे त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या ओझ्याचे. ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात युद्धबंदी रेषेपलीकडून काश्मीरमध्ये घुसखोर शिरू लागले होते, त्यामुळे लाल किल्ल्यावरचे भाषण हे समारंभाचे भाषण उरलेले नव्हते. चित्रपटाची पहिलीच दोन मिनिटे यामुळे आयती ताणलेली मिळत होती.

मग वाचन सुरू झाले. १९६५ च्या ऑगस्ट ते डिसेंबरची मराठी दैनिके बांधीव फायलींत पाहिली. लोकसभेतील चर्चांची छापील इतिवृत्ते वाचली. यशवंतरावांनी युद्धाच्या दिवसांत ठेवलेली रोजनिशी, जी त्यांचे तेव्हाचे खासगी सचिव राम प्रधान यांनी पुढे संपादित करून प्रसिद्ध केली, ती तीनदा वाचली. पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या चित्रपट संग्रहालयात जाऊन त्या काळातल्या वार्तापटांचे तुकडे पाहिले. वार्तापटांची एक गंमत असते. त्यांत नेता दिसतो, पण त्याचा आवाज क्वचितच ऐकू येतो, कारण चित्रावर निवेदकाचा घनगंभीर आवाज चढवलेला असतो. शास्त्री ओठ हलवताहेत आणि त्यांच्या वतीने कोणी दुसराच गर्जतो आहे, असे दृश्य मी इतक्या वेळा पाहिले की पुढे खऱ्या भाषणांचे ध्वनिमुद्रण हाती आले, तेव्हा मला क्षणभर ते चुकीच्या माणसाचे वाटले. तो आवाज मऊ होता, किंचित पातळ, आणि वाक्याच्या शेवटी वर जाण्याऐवजी खाली येणारा. ‘मागे हटणार नाही’ हे सांगतानाही तो शेजारच्या घरी निरोप सांगावा तसा बोलत होता.

याच सुमारास मी तीन पेन्सिली घेतल्या. पटकथेतल्या ज्या वाक्याला किंवा कृतीला लिखित आधार आहे त्याखाली हिरवी रेघ, आधारावरून काढलेल्या अनुमानाखाली पिवळी आणि निव्वळ माझ्या कल्पनेच्या मजकुराखाली लाल. ही काही माझी मौलिक युक्ती नव्हती, कारण वकिलांना पुढे टिपांसह पटकथा द्यावी लागणार हे ठाऊक होते आणि तो त्रास आधीच कमी करावा एवढाच हेतू होता. परंतु पहिल्या ड्राफ्टवर रेघा ओढून झाल्यावर एक गोष्ट दिसली जी मला वाचताना दिसली नव्हती. ज्या ज्या पानांवर शास्त्री मोठ्याने बोलत होते, टेबलावर हात आपटत होते, नकाशासमोर उभे राहून बोटाने लाहोर दाखवत होते, ती सगळी पाने लाल होती. ज्या पानांवर ते ऐकत होते, एखादा प्रश्न विचारत होते, नाहीतर गप्प होते, ती हिरवी आणि पिवळी.

आता त्या प्रसंगाकडे येतो. पहिल्या ड्राफ्टमध्ये मी तो जसा घडला तसाच लिहिला होता, म्हणजे चव्हाणांच्या दालनात, चव्हाणांच्या निर्णयाने. इथे मला माझ्याविषयीही थोडे कबूल केले पाहिजे. माझे आजोळ कऱ्हाडचे आहे. ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला’ हे वाक्य मी बाराखडीच्या आधी ऐकले असावे. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनकडून झालेल्या पराभवाच्या छायेत यशवंतरावांना दिल्लीला बोलावले गेले, आणि तीन वर्षांनी ज्या दुपारी त्यांच्यापुढे हा प्रश्न आला, तेव्हा १९६२ मध्ये हवाई दलाचा लढाऊ वापर न झाल्याची बोच सगळ्यांच्याच मनात होती. एवढे साहित्य हातात असताना मी तो प्रसंग साडेसहा पानांचा केला. चव्हाण खिडकीशी जातात, बाहेर पाहतात, मागे वळतात. पुढे दिग्दर्शकांनी मला एवढेच विचारले की हा चित्रपट कोणावर आहे, आणि मी ती साडेसहा पाने घरी नेऊन पेन्सिल घेतली, तर खिडकी लाल होती, पाहणे लाल होते आणि मागे वळणेही लाल.

निर्मात्यांची अडचण वेगळी आणि त्यांच्या जागी रास्त होती. त्यांचा प्रश्न होता की युद्धातला पहिला मोठा निर्णय होतो आणि नायक पडद्यावर नाही, हे प्रेक्षकाने कसे मानायचे. म्हणून दुसऱ्या ड्राफ्टमध्ये एक दूरध्वनी आला. चव्हाण परवानगी देण्यापूर्वी पंतप्रधानांना फोन लावतात, पलीकडून शास्त्री दोन शब्दांत होकार देतात, आणि छायाचित्रकाराला आवडेल असा रिसीव्हर ठेवण्याचा क्लोजअप. वाचताना प्रसंग छान वाटायचा. त्याने सगळ्यांचे समाधान झाले, आणि तो खोटा होता. जे खरोखर घडले त्याचे वजनच मुळी या गोष्टीत आहे की चव्हाणांनी फोन लावण्यात वेळ घालवला नाही. दिवस मावळायला थोडाच अवधी होता आणि त्या जुन्या विमानांना अंधारात लढता येत नव्हते. आम्ही एक फोन घालून चव्हाणांना निरोप्या केले होते आणि शास्त्रींना असा निर्णय बहाल केला होता, जो घेतल्याचे श्रेय त्यांनी स्वतः कधी मागितले असते असे मला वाटत नाही.

याच टप्प्यावर निर्मितीसंस्थेने एक निवृत्त तोफखाना अधिकारी सल्लागार म्हणून नेमले. त्यांचा आमच्या कामावरचा परिणाम मोठा होता, आणि तो बहुतेक वेळा वगळण्यातून झाला. नकाशावर छडी ठेवून बोलणारे सेनापती त्यांनी काढले, संतापाने टोपी भिरकावणारा ब्रिगेडियर काढला, आणि पंतप्रधानांसमोर एकमेकांना मध्येच तोडणारे दोन प्रमुखही काढले. एक गोष्ट मात्र त्यांनी घालायला लावली. १ सप्टेंबरच्या त्या पहिल्या हवाई हल्ल्याला आम्ही विजयगीत करून ठेवले होते. ढगांतून विमाने बाहेर येतात, पार्श्वसंगीत चढते, पाकिस्तानी रणगाडे पेटतात. त्यांनी शांतपणे सांगितले की त्या संध्याकाळी आपली चार व्हॅम्पायर विमाने पाडली गेली, धुळीत आणि मावळत्या उजेडात आपल्याच काही तुकड्यांवरही मारा झाला, आणि व्हॅम्पायर इतकी कालबाह्य होती की त्यानंतर त्यांना आघाडीवरून मागे घेण्यात आले. तरीही हल्ल्याने रणगाड्यांची चाल मंदावली, हेही त्यांनीच सांगितले. म्हणजे चव्हाणांनी दिलेली परवानगी योग्य होती आणि महागही होती, आणि ह्या दोन्ही गोष्टी एकाच संध्याकाळी दिल्लीत पोहोचल्या.

हे कळल्यावर माझ्यापुरता प्रश्न बदलला. हुकूम कोणी दिला, यावर आम्ही महिनोन्‌महिने भांडत होतो. त्या हुकमाचा हिशेब रात्री कोणापुढे मांडला गेला, हे आम्ही विचारलेच नव्हते. पंतप्रधान हा युद्धकाळात असा माणूस असतो, ज्याच्या टेबलावर दुसऱ्यांनी घेतलेल्या निर्णयांचे परिणाम येऊन पडतात आणि ते त्याला आपले म्हणावे लागतात. चित्रपटाला मात्र एका माणसाने एका क्षणी एक निर्णय घेतलेला हवा असतो. इतिहासात तो चार-पाच जणांत वाटलेला असतो, आणि शास्त्रींच्या बाबतीत ते वाटून देणे हीच कारभाराची रीत होती. त्यांनी सैनिकी बाबी संरक्षणमंत्र्यांवर आणि प्रमुखांवर सोपवल्या आणि जिथे प्रश्न राजकीय होता तिथे स्वतः उभे राहिले. छांबवरचा दाब हटवायचा तर पंजाबात नवी आघाडी उघडली पाहिजे, म्हणजेच आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडली पाहिजे, या मागणीला होकार देणे हे काम त्यांचेच होते. तो त्यांनी दिला, आणि ६ सप्टेंबरच्या पहाटे भारतीय सैन्य लाहोरच्या दिशेने निघाले. जगाला काय उत्तर द्यायचे, अमेरिकेच्या गव्हाच्या जहाजांचे काय होईल, चीन काय करील, हे सगळे त्या एका होकारात होते. तिसऱ्या ड्राफ्टमध्ये नायकाचा निर्णय हा झाला, आणि निर्मात्यांनाही तो पुरेसा मोठा वाटला.

रणगाड्यांच्या लढाईविषयी थोडक्यात सांगतो, कारण ती आमच्या हातून जवळजवळ निसटलीच. खेमकरणजवळ असल उत्तरला ८ ते १० सप्टेंबरच्या काळात जे झाले, ते कोणत्याही दिग्दर्शकाला मोहात पाडील असे आहे. पाण्याने भरून टाकलेली शेते, उंच उसाच्या आड दबा धरलेले भारतीय रणगाडे, चिखलात रुतलेले पाकिस्तानी पॅटन रणगाडे, आणि जीपवरच्या तोफेने एकामागून एक रणगाडे टिपत धारातीर्थी पडलेले कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद. कलादिग्दर्शकांनी अंदाजपत्रक काढले तेव्हा कळले की ही लढाई नीट चित्रित करायची तर उरलेला चित्रपट रद्द करावा लागेल. चालू स्थितीतला पॅटन कोठून आणायचा, संगणकावर किती करायचे, यावर एक संपूर्ण आठवडा गेला. अखेरीस दिग्दर्शकांनी ठरवले की आपला कॅमेरा दिल्ली सोडणार नाही. लढाई येईल ती टाइप केलेल्या कागदावर, दूरध्वनीच्या खरखरीत, आकाशवाणीच्या बातम्यांत आणि ब्लॅकआउटमुळे अंधारलेल्या रस्त्यांवर. पैसे वाचावेत म्हणून केलेली ही सोय चित्रपटाला भलतीच मानवली, कारण पंतप्रधानांपर्यंतही युद्ध तसेच येत होते. पुणेकर म्हणून एक हळहळ राहिली. फिलौराच्या परिसरात लढताना १६ सप्टेंबरला वीरमरण आलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर हे पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचे नेतृत्व करत होते, आणि आमच्या पटकथेत त्यांच्या वाट्याला एका निरोपातले एकच वाक्य आले.

नटाचा प्रश्न तुलनेने लवकर सुटला, जरी सुरुवातीला तोच सगळ्यांत कठीण वाटत होता. शास्त्रींची उंची पाच फूट दोन इंचांच्या आसपास. निवडलेले नट त्यांच्याहून चांगले सात इंच उंच. मेकअप, चष्मा नाही पण टोपी, धोतराची पद्धत, बंद गळ्याचा कोट, हे सगळे लूक टेस्टमध्ये जमले. उंचीसाठी दारांच्या चौकटी आणि खुर्च्यांच्या पाठी वाढवायचे ठरले, आणि पाकिस्तानचे अध्यक्ष अयूब खान मुळातच धिप्पाड असल्याने ताश्कंदच्या प्रसंगांत त्यांच्या भूमिकेला आणखी उंच माणूस घेतला. आवाजाचे मात्र तसे नव्हते. नटाने ध्वनिमुद्रणे ऐकून पहिल्या वाचनात हुबेहूब नक्कल केली आणि खोलीत हशा पिकला. त्यांना वाईट वाटले, पण चूक त्यांची नव्हती. त्यांनी त्यानंतर नक्कल टाकून दिली आणि फक्त एक गोष्ट ठेवली, ती म्हणजे वाक्याच्या शेवटी आवाज खाली आणणे. ते पुरले. चव्हाणांच्या भूमिकेतल्या नटाला मात्र मला दोनदा समजवावे लागले की मराठी माणूस हिंदी बोलतो म्हणजे तो प्रत्येक वाक्यात लिंग चुकवतो असे नाही. यशवंतराव वकिलीचे शिक्षण घेतलेले, सभा जिंकणारे वक्ते होते. हिंदी चित्रपटांनी आपल्या माणसाला हवालदाराची हिंदी इतकी वर्षे दिली आहे की संरक्षणमंत्र्यालाही तीच मिळण्याची भीती होती.

घरातले प्रसंग लिहिताना माझ्या आईची मदत झाली. धान्यटंचाईमुळे शास्त्रींनी लोकांना आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडायला सांगितले आणि त्यासाठी सोमवारची रात्र रूढ झाली, हे मी कागदपत्रांतून टिपून घेतले होते. आईने त्यात भर घातली की आमच्याकडे आजीचा सोमवार शंकराचा उपवास म्हणून आधीपासूनच होता, त्यामुळे तिला एकाच उपासात देव आणि देश दोन्ही साधता आले आणि ती ते येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असे. हा तपशील मी पटकथेत घातला नाही, कारण तो दिल्लीतल्या घरात बसत नव्हता. परंतु शास्त्रींच्या पत्नी ललितादेवी यांच्या तोंडी उपवासाविषयीचे जे संवाद होते त्यांतला भारदस्तपणा त्यानंतर मी काढून टाकला. ज्या बायकांनी आयुष्यभर वारांचे उपास केले, त्यांना एक जेवण सोडणे हा त्याग वाटला नसणार.

ताश्कंदविषयी आमच्यात सर्वाधिक वाद झाले. २३ सप्टेंबरच्या पहाटे साडेतीनला युद्धबंदी झाली, त्याआधी संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट येऊन गेले, चीनने निर्वाणीचा इशारा देऊन पाहिला, सुरक्षा परिषदेने २० सप्टेंबरला ठराव केला. हा सगळा भाग पटकथेत वेगाने गेला तरी चालला. परंतु जानेवारीत, सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिन यांच्या मध्यस्थीने, ज्या करारावर सही झाली, त्याने ऑगस्टमध्ये सैनिकांनी रक्त सांडून घेतलेली हाजीपीर खिंड परत द्यावी लागली. जिंकलेला नेता जिंकलेली जमीन परत का देतो, हे प्रेक्षकाला सांगताना प्रचार आणि कैफियत या दोहोंपासून दूर राहायचे होते. आम्ही पाच तऱ्हा लिहून पाहिल्या. शेवटी जी राहिली तीत शास्त्री स्वतः समर्थन करतच नाहीत. ते दिल्लीत घरी फोन लावतात आणि इथल्या लोकांना कसे वाटले एवढे विचारतात. या फोनचा वृत्तांत त्यांच्याबरोबर गेलेल्या पत्रकार कुलदीप नय्यर यांनी लिहून ठेवला आहे, म्हणून फोनाखाली हिरवी रेघ आहे. संवाद मात्र माझे, म्हणून ते लाल.

आणि मृत्यू. सही झाली त्याच रात्री, ११ जानेवारीला मध्यरात्रीनंतर, शास्त्रींना हृदयविकाराचा झटका येऊन त्यांचे निधन झाले, असे तेव्हा जाहीर झाले. शवविच्छेदन झाले नाही आणि विषप्रयोगाचा संशय तेव्हापासून आजवर जिवंत आहे. निर्मितीसंस्थेच्या प्रसिद्धी विभागाला चित्रपटाचे पोस्टर याच संशयावर उभे करायचे होते, आणि त्यांच्या धंद्याच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. मी एवढेच म्हणालो की तसे केले तर प्रेक्षक पहिल्या मिनिटापासून दुधाच्या पेल्याकडे पाहत बसेल आणि बावीस दिवसांचे युद्ध त्याला प्रस्तावना वाटेल. दिग्दर्शकांनी शेवट बदलला. कॅमेरा आता बंगल्याच्या मार्गिकेत थांबतो, आत दिवा मालवला जातो, आणि थेट दुसऱ्या दिवशीचा विमानतळ येतो, जिथे शवपेटीला खांदा देणाऱ्यांत कोसिगिन आहेत आणि अयूब खानही. हे दृश्य खरे आहे, छायाचित्रे आहेत. पूर्वी ज्याच्या देहयष्टीला तो हसला असे म्हणतात, त्याच्याच पेटीचे वजन त्याने खांद्यावर घेणे, यापुढे कोणत्याही लेखकाला काही लिहायचे उरत नाही.

चौथा ड्राफ्ट टिपांसह वकिलांकडे गेला. त्यांनी प्रत्येक प्रसंगासमोर आधार, अनुमान की कल्पना, असे रकाने भरून मागितले आणि माझ्या पेन्सिली अखेर कामी आल्या. कुटुंबीयांची संमती, संरक्षण मंत्रालयाचे ना-हरकत पत्र, ‘काही प्रसंगांचे नाट्यरूपांतर केले आहे’ ही सुरुवातीची पाटी, या बाबी निर्मितीसंस्था पाहत होती. माझा संबंध रकान्यांशी. १ सप्टेंबरचा प्रसंग आता दोन भागांत होता. पहिला साउथ ब्लॉकमधला, तीन पानांचा, खिडकीविना, फोनविना. चव्हाण ऐकतात, एक प्रश्न विचारतात, परवानगी देतात. दुसरा त्याच रात्रीचा, पंतप्रधानांच्या निवासस्थानी. चव्हाण येतात आणि आपण काय केले ते सांगतात. शास्त्री ऐकून घेतात आणि विचारतात, “किती परत आले?” चव्हाण म्हणतात, “चार विमानं नाही आली.” त्यानंतर कोणी काही बोलत नाही. या दुसऱ्या भागासमोर मी ‘कल्पना’ असे लिहिले आणि सबंध पानाखाली लाल रेघ ओढली. वकिलांनी बोलावून विचारले की आधार नसताना हा प्रसंग हवाच का. मी म्हणालो की यात कोणाच्या पदरात न घेतलेला निर्णय घातलेला नाही आणि घेतलेला काढलेला नाही. त्यांनी थोडा वेळ पानाकडे पाहून ते ठेवले.

चित्रपटाचे मुख्य चित्रीकरण अद्याप सुरू झालेले नाही. पैशांची जुळणी चालू आहे, आणि ती चालू असणे ही या व्यवसायातली कायमची अवस्था असते. परंतु गुंतवणूकदारांना दाखवण्यासाठी दोन प्रसंगांचे चाचणी चित्रीकरण झाले, त्यांत हा रात्रीचा प्रसंग होता. शास्त्रींच्या भूमिकेतल्या नटांना पहिले आठ टेक जमले नाहीत, कारण आकडा ऐकल्यावर ते प्रत्येक वेळी काहीतरी करत होते. डोळे मिटणे, मान खाली घालणे, खुर्चीचा हात घट्ट धरणे. नवव्या टेकला त्यांनी काहीच केले नाही. संकलनाच्या खोलीत तो तुकडा पाहून निर्माते बराच वेळ गप्प राहिले. मला वाटले आता फोनचा क्लोजअप परत मागतील. त्यांनी विचारले, “त्या न परतलेल्या वैमानिकांची नावं आपल्याकडे आहेत का?” ती मी शोधून दिली. पटकथेत आता त्या प्रसंगानंतर काळ्या पडद्यावर ती नावे येतात, आणि सबंध लाल पानाच्या तळाशी तेवढ्याच ओळी हिरव्या आहेत.